दसऱ्याची मोटार : मुहूर्त एका दिवसाचा, सोबत बारा वर्षांची

विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांतील एक पूर्ण मुहूर्त. या दिवशी शुभकार्याचा आरंभ करण्यास वेगळे पंचांग पाहावे लागत नाही, ही आपली पूर्वापार श्रद्धा आहे. त्यामुळे सराफाच्या पेढीवर जशी या दिवशी गर्दी लोटते तशीच ती आता मोटारींच्या शोरूमपुढेही लोटते. घरी सरस्वतीपूजन व शस्त्रपूजन आटोपले, दाराला झेंडूचे तोरण चढले, की घरातील वडीलधारी मंडळी, सुना, नातवंडे अशी सारी नवी मोटार आणावयास निघतात. पूजेचे ताट, नारळ, आपट्याची पाने, पेढ्यांचा पुडा, कशाचीही उणीव राहिलेली नसते. उणीव असते ती एकाच गोष्टीची. ही मोटार दहा-बारा वर्षांनंतर कशी असेल, याचा विचार फारच थोड्या घरांनी केलेला असतो.

येथे ज्यांच्या डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहोत ते पहिल्यांदाच मोटार घेणारे गृहस्थ नव्हेत. घरात एक जुनी मोटार आहे, तिला बारा-तेरा वर्षे झाली आहेत, तिच्यातून कुलदैवताचे दर्शन झाले, मुलांच्या परीक्षा झाल्या, एखादे लग्न झाले, कोणाला रात्री-अपरात्री दवाखान्यातही नेले. आता ती थकली आहे. पुढची मोटार बहुधा अशी असणार की जिच्या काळात घरातील कर्ता पुरुष निवृत्त होईल, आई-वडील सत्तरी-ऐंशीकडे झुकतील आणि मुलांच्या उच्च शिक्षणाचा खर्च समोर उभा राहील. अशा वेळी वाहनाने दगा दिला तर तो केवळ वाहनाचा दगा राहत नाही. घराच्या साऱ्या गणितालाच तो धक्का असतो. म्हणून ‘किती ॲव्हरेज देते?’ या आपल्या आवडत्या प्रश्नाच्या आधी ‘किती वर्षे विनातक्रार चालते?’ हा प्रश्न विचारावयास हवा.

शमीवरील शस्त्रे

अज्ञातवासाला निघताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर दडवून ठेवली आणि वर्ष सरल्यावर अर्जुनाने गांडीव खाली उतरविले, ही कथा दसऱ्याला आपण आवर्जून आठवतो. त्या कथेतील एक लहानसा तपशील मात्र सहसा कोणी सांगत नाही. झाडावर ठेवण्यापूर्वी धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरविल्या होत्या. ताणलेली दोरी वर्षभर तशीच ठेवली तर धनुष्याचा ताण मरतो, हे त्या योद्ध्यांना ठाऊक होते. साधनाची पूजा आणि साधनाची निगा या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांच्या मनात वेगळ्या नव्हत्या. वाहनाला हार घालणाऱ्या आजच्या गृहस्थाला त्याच्या इंजिनातील तेल गेल्या दोन वर्षांत बदललेले नाही, याचे काही वाटू नये, हे मात्र नवलच.

टिकाऊपणाची कल्पना काळाबरोबर बदलत गेली आहे, तीही ध्यानात घ्यावी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी फियाट, पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले, आणि उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर, या दोन गाड्यांवर आपल्या दोन पिढ्या वाढल्या. निवडीचा प्रश्नच नव्हता. नंबर लावावयाचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहावयाची. त्या गाड्या बिघडत नसत असे म्हणणे हा केवळ स्मृतिरंजनाचा भाग झाला. त्या वारंवार बिघडत. उन्हाळ्यात घाटात पाणी उकळे, पावसाळ्यात प्लग ओले होत. परंतु बिघडली तर कोणत्याही तालुक्याच्या गावी, पिंपळाखाली बसलेला मिस्त्रीसुद्धा तासाभरात ती पुन्हा रस्त्यावर आणी. त्या काळातील टिकाऊपणा म्हणजे दुरुस्त होण्याची क्षमता. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि गाडी मुळात बिघडूच नये, अशी अपेक्षा आपण प्रथमच करू लागलो. आज ॲम्बेसेडरचे उत्पादन थांबूनही बराच काळ लोटला. ते २०१४ साली थांबले. मुंबईच्या टॅक्सींना असलेल्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनीही रस्त्यावरून गेली.

आजच्या मोटारीचे दुखणे पद्मिनीच्या उलट आहे. ती क्वचित बिघडते, पण बिघडली की पिंपळाखालचा मिस्त्री हात लावू शकत नाही. संगणक जोडल्याशिवाय तिचा रोगच कळत नाही. साधे पेट्रोल इंजिन, वेळेवर तेल मिळाले तर, दीड-दोन लाख किलोमीटर सहज जाते. खर्चात पाडतात ते इंजिनाभोवतीचे भाग. स्वयंचलित गिअरचा संच, टर्बो, धुरातील काजळी अडविणारी जाळी, पडद्यावर चालणारी वातानुकूलनाची बटणे, विजेवर उघडणारे छत, हे सारे शोरूममध्ये मन मोहविते आणि हमीची मुदत संपल्यावर हिशेब मागते.

ज्याचे काम त्याने करावे

म्हणून पहिला विचार आपल्या वापराचा. यात डिझेल गाडीचे उदाहरण बोलके आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही उत्सर्जनाची मानके लागू झाली आणि डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी गाळणारी जाळी आवश्यक झाली. ही जाळी भरत जाते आणि गाडी हमरस्त्यावर काही वेळ सलग वेगाने धावली की तापून ती काजळी जळून जाते. आता ज्यांची मोटार सकाळी भाजी-मंडई, दुपारी शाळा आणि संध्याकाळी देऊळ एवढीच फिरते, त्यांच्या गाडीत ही जाळी तापणार कशी? ती तुंबते, दिवा लागतो, इंजिनाची शक्ती घटते आणि मग वर्कशॉपच्या फेऱ्या सुरू होतात. हीच गाडी आठवड्यातून दोनदा कोल्हापूर-पुणे करणाऱ्या व्यापाऱ्याला उत्तम साथ देईल. दोष गाडीचा नव्हे, जोडीचा आहे. पत्रिका जुळवावयाची असेल तर ती येथे जुळवावी.

स्वयंचलित गिअरचेही तसेच. उतारवयात डाव्या पायाला क्लचचा जाच नको, ही मागणी अगदी रास्त आहे. परंतु स्वयंचलित या एका शब्दाखाली तीन-चार निरनिराळी यंत्रे विकली जातात. साध्याच गिअरपेटीला यांत्रिक हात जोडलेला प्रकार स्वस्त व दुरुस्तीस सोपा, मात्र चालताना किंचित हिसके देणारा. द्रवाच्या साहाय्याने चालणारा जुना टॉर्क कन्व्हर्टर इंधन थोडे अधिक घेतो, पण त्याची सहनशक्ती अनेक दशकांची तावून-सुलाखून निघालेली आहे. पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी शहरातील संथ वापरात सुखाचा. दोन क्लचांचा प्रकार चालविण्यास सर्वांत चपळ; पण त्याचे कोरडे क्लच ठाणे किंवा पुण्याच्या इंच-इंच सरकणाऱ्या गर्दीत तापतात. चाचणीची फेरी रिकाम्या रस्त्यावर होते, संसार मात्र गर्दीत करावयाचा असतो. विक्रेत्याला यातील नेमका प्रकार कोणता, हे स्पष्ट विचारावे. ‘सगळे सारखेच हो’ असे उत्तर आले तर दुसऱ्या विक्रेत्याकडे जावे.

टिकाऊपणाची माहिती मिळविण्याचा आपला जुना मार्ग अजूनही चांगला आहे. वडापवाले, सहलींच्या गाड्या चालविणारे चालक, देवस्थानांच्या वाहनतळांवर थांबलेले टॅक्सीवाले यांना विचारावे. इंजिन कधी उघडावे लागले, क्लचप्लेट किती किलोमीटरला जाते, कोणता भाग मिळावयास उशीर लागतो, हे ते जितके स्वच्छ सांगतील तितके कोणतीही जाहिरात सांगणार नाही. २००० साली आलेल्या क्वालिसचे उत्पादन २००५ मध्ये थांबले, तरी तिच्या दणकटपणाची ख्याती आजही त्यांच्या तोंडी आहे. तिच्या जागी आलेल्या इनोव्हाने तीच परंपरा चालविली. नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी बोलेरोही ग्रामीण महाराष्ट्रात अशाच साक्षीवर खपते.

मात्र ही साक्ष घरगुती वापराला जशीच्या तशी लागू होत नाही. सहलीची गाडी वर्षाला साठ-सत्तर हजार किलोमीटर पळते. तिचे इंजिन थंड होतच नाही. आपली मोटार वर्षाकाठी सहा-सात हजार किलोमीटर फिरते आणि उरलेला वेळ इमारतीखाली उभी असते. तिचे रोग वेगळे. बॅटरी उतरते, रबराच्या नळ्या कडक होऊन चिरतात, टायरची नक्षी शाबूत असतानाच त्याचे रबर म्हातारे होते, ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते. आणि गणरायाचे वाहन आपल्या वाहनाच्या वायरी कुरतडते, ही तक्रार तर प्रत्येक सोसायटीत ऐकू येते! अशा उभ्या राहणाऱ्या गाडीचे तेल किलोमीटर पुरे झाले नाहीत तरी वर्षाला बदलावे आणि ब्रेकचे तेल साधारण दोन वर्षांनी.

रथ कोणाच्या बळावर उभा होता?

भारतीय युद्ध संपले त्या संध्याकाळची कथा शल्यपर्वात आहे. श्रीकृष्णाने नेहमीचा क्रम मोडून अर्जुनाला आधी रथातून उतरावयास सांगितले आणि मग तो स्वतः उतरला. ध्वजावरील कपी अंतर्धान पावला आणि पाहता-पाहता रथ जळून भस्म झाला. द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनी तो केव्हाच दग्ध झाला होता. भगवंत त्यात बसला होता म्हणून तो उभा होता, इतकेच. देवाच्या लीलेशी व्यवहाराची बरोबरी करण्याचा हेतू नाही. परंतु मोटार घेताना हा प्रसंग आठवावा असे मात्र वाटते. गाडी स्वतःच्या बळावर उभी आहे, की तिला बनविणारी कंपनी पाठीशी आहे म्हणून उभी आहे?

गेल्या तीन दशकांत आपल्या देशातून किती कंपन्या उतरून गेल्या, हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. कल्याणला तयार होणारी प्यूजो १९९७ च्या सुमारास बंद पडली. देवूची सिएलो नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मोठ्या थाटात आली आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत ती कंपनीच बाजारातून नाहीशी झाली. जनरल मोटर्सने २०१७ अखेर आपल्याकडील विक्री थांबविली. तिच्या तळेगावच्या कारखान्यातून त्यानंतर काही वर्षे केवळ निर्यात होत राहिली आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन थांबविण्याची घोषणा केली. या कंपन्यांच्या गाड्या वाईट होत्या असे मुळीच नाही. त्यांतील काही तर चालविण्यास अतिशय सुंदर होत्या. निघून गेल्यावरही सुट्या भागांची काही व्यवस्था त्यांनी ठेवली. पण व्यवस्था असणे आणि परभणीच्या गॅरेजात शनिवारी दुपारी तो भाग हाती पडणे यांत अंतर आहे. शिवाय कंपनी गेल्याचे कळताच गाडीची बाजारातील किंमत कोसळते, ते नुकसान कोणत्याही विम्यात बसत नाही.

आमच्या परिचयातील एका शिक्षक दांपत्याची मोटार एका पावसाळ्यात तब्बल सात आठवडे गॅरेजात उभी होती. बिघाड मोठा नव्हता. सुकाणूच्या संचातील एक भाग मिळत नव्हता. त्याच काळात घरात सासूबाईंचे डायलिसिस सुरू होते आणि आठवड्यातून दोनदा तालुक्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागे. भाड्याच्या गाडीला गेलेले पैसे त्यांनी कधी मोजून सांगितले नाहीत. पहाटे पाच वाजता गाडी येईल की नाही या धास्तीत काढलेल्या रात्री मात्र ते अजून सांगतात. म्हणून आपल्या गावापासून तासाभराच्या अंतरात कंपनीचे अधिकृत वर्कशॉप आहे का, आणि गावातील दोन चांगले खासगी मिस्त्री त्या गाडीला हात लावतात का, या दोन प्रश्नांना आम्ही दहापैकी पाच गुण देऊ. उरलेल्या पाचांत बाकी सारे.

नवे मॉडेल बाजारात आले की पहिल्या तुकडीतील गाडी घेण्याचा मोहही आवरावा. पुण्याची इंडिका १९९८ च्या डिसेंबरअखेर आली तेव्हा तिचे केवढे कौतुक झाले होते! पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या, कंपनीने त्या मनावर घेऊन दुरुस्त्या केल्या आणि २००१ साली आलेली सुधारित इंडिका हीच खऱ्या अर्थाने घराघरांत पोहोचली. नव्या यंत्राचे बाळदात असे पडावेच लागतात. ते आपल्या अंगणात पडू द्यावयाचे की दुसऱ्याच्या, एवढाच प्रश्न. दीड-दोन वर्षे थांबले की गुणदोष उघड होतात.

हप्ता, घसारा आणि संसार

लक्ष्मीचा विचार टाळून चालणार नाही. आठ लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे १६,६०० रुपये पडतो आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ९६ हजार. तेच कर्ज सात वर्षांचे केले तर हप्ता सुमारे १२,९०० वर उतरतो, पण व्याज २ लाख ८१ हजारांच्या घरात जाते. हप्ता हलका वाटतो तो असा. सात वर्षांच्या कर्जात चौथे वर्ष संपताना जवळजवळ चार लाख रुपये देणे शिल्लकच असते आणि हमी बहुधा तिसऱ्या वर्षीच संपलेली असते. म्हणजे दुरुस्ती स्वतःच्या खिशातून आणि हप्ताही स्वतःच्याच खिशातून, अशी दुहेरी वर्षे वाट्याला येतात. ज्या घरी याच वर्षांत मुलीचे अभियांत्रिकीचे शुल्क भरावयाचे आहे, त्यांनी हा कागद दिवाणखान्यात सर्वांसमोर मांडावा.

विम्याच्या कोष्टकात मोटारीचा घसारा कसा धरतात, तेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्ष पुरे होईतो १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५०. समजा, दहा लाखांची मोटार आपण पाचव्या वर्षी पाच लाखांना विकली. दरवर्षाला एक लाख रुपये झिजले. तीच बारा वर्षे वापरून एका लाखाला काढली तर वर्षाला ७५ हजार. वरकरणी फरक २५ हजारांचा, पण पाच वर्षांनी पुन्हा नवी घेताना एकरकमी रस्ताकर पुन्हा भरावा लागतो. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीवर तो किमतीच्या ११ टक्क्यांपासून सुरू होतो, आणि तो काही गाडी विकताना परत मिळत नाही. उतरत्या वर्षांत दुरुस्तीला दरसाल पंधरा हजार अधिक धरले तरी जुनी सांभाळणाराच पुढे राहतो. अट एकच की गाडी मुळात सांभाळण्याजोगी हवी. येथे टिकाऊपणाचा खरा पैसा होतो.

यावर्षी नको, पुढच्या वर्षी घेऊ, असे म्हणणाऱ्यांना २०२५ च्या घटस्थापनेने मात्र वेगळाच प्रसाद दिला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला; पेट्रोल असेल तर १२०० आणि डिझेल असेल तर १५०० घनसेंटिमीटरपर्यंतचे इंजिन, ही त्याची मर्यादा. मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आणि विजेच्या गाड्यांवर पूर्वीप्रमाणेच ५ टक्के. सवलतीमुळे वाचलेल्या पैशांतून वरचे, अधिक चकचकीत मॉडेल घेण्याकडे कल दिसतो. त्याच पैशांतून वाढीव हमी घ्यावी, असे आमचे मत आहे. ती मूळ हमी चालू असतानाच घ्यावी लागते आणि तिच्यात काय वगळले आहे ते बारीक अक्षरांत असते.

विजेच्या गाडीविषयी घरोघरी वाद चालतात. तिच्यात इंजिन नाही, क्लच नाही, तेल बदलणे नाही. बिघडावयाचे भागच कमी. सारा प्रश्न बॅटरीपाशी येऊन थांबतो. तिच्यावर बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी हमी देतात. हमी म्हणजे बॅटरी नव्यासारखीच राहील असे नव्हे. तिची साठवणशक्ती सर्वसाधारणपणे ७० टक्क्यांच्या खाली गेली तरच ती लागू होते. ज्यांच्या वाहनतळावर स्वतःचे मीटर आहे, रोजचा प्रवास ठरलेला आहे आणि जे आठ-दहा वर्षांच्या हिशेबाने विचार करतात, त्यांना ती लाभते. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट असे लांबचे फेरे वारंवार असतील आणि सोसायटीत चार्जिंगला परवानगी मिळावयाची असेल, तर आधी ती परवानगी मिळवावी, मग गाडी.

कोकणातील आणि मुंबईतील वाचकांसाठी एक सांगणे. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत इंजिनाआधी पत्रा मरतो. जुनी गाडी पाहताना दारांच्या खालच्या कडा, डिकीतील गालिचा उचलून त्याखालचा पत्रा आणि चाकांच्या कमानी हाताने चाचपून पाहाव्यात. इंधनाचाही विचार हवा. आता सर्वत्र वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग ते सोसतील असे बनविले आहेत. त्यापूर्वीची वापरलेली गाडी घेत असाल तर रबरी नळ्या व जोड तपासून घेणे इष्ट.

वापरलेली मोटार शुभ नव्हे, अशी काही घरांत समजूत आहे. तिला शास्त्राधार असल्याचे आमच्या पाहण्यात नाही. तीन वर्षांची, एकाच मालकाची, सर्व सर्व्हिसिंगच्या पावत्या असलेली साधी पेट्रोल गाडी ही मध्यमवर्गीय कुटुंबासाठी पुष्कळदा सर्वांत शहाणी खरेदी ठरते, कारण घसाऱ्याचा मोठा घाव पहिल्या मालकाने सोसलेला असतो. मात्र हस्तांतराचे २९ व ३० क्रमांकाचे नमुने, कर्जाचा बोजा उतरविल्याचा ३५ क्रमांकाचा नमुना आणि विम्यावरील दाव्यांचा इतिहास पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.

आणि घरातील जुनीच गाडी ठेवली तर? पत्रा शाबूत असेल, इंजिन धूर टाकत नसेल, तर तीस-चाळीस हजारांची दुरुस्ती ही नव्या गाडीच्या तीन हप्त्यांपेक्षा अधिक नसते. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर आरटीओत तपासणी करून नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो, एवढे लक्षात ठेवावे. एका बाबतीत मात्र जुन्याचा मोह धरू नये. जिच्यात हवेच्या पिशव्या नाहीत, एबीएस ब्रेक नाहीत, अशा मोटारीतून रात्रीच्या द्रुतगती मार्गावर नातवंडांना नेणे बरे नव्हे. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप ही धडक-चाचणीची योजना सुरू झाली आहे. तिचे तारे टिकाऊपणाबद्दल काहीच सांगत नाहीत, पण प्राण वाचण्याबद्दल पुष्कळ सांगतात. दोन्ही गोष्टी वेगळ्या पाहाव्यात.

मुहूर्ताच्या दिवशी

दसऱ्याच्या सकाळी शोरूममध्ये एकामागून एक पन्नास-पन्नास गाड्या बाहेर पडतात. त्या घाईत कोणतीही तपासणी नीट होत नाही. म्हणून नोंदणी होण्यापूर्वी, चार-पाच दिवस आधी, दिवसाच्या उजेडात गाडी पाहून यावी. विक्री प्रमाणपत्रावर निर्मितीचा महिना व वर्ष लिहिलेले असते. सांगितलेल्याशी ते जुळते का, हे पाहावे. टायरच्या कडेवरील चार अंकांत पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. चारही टायरांचे अंक जवळपासचे हवेत. मुहूर्त साधावयाचा तो गाडी घरी आणण्याचा. तपासणीला कोणताही वार चालतो.

पूजेविषयी थोडे. गंध-अक्षता, हळद-कुंकू काचेला किंवा रंगाला लावावयाचे तर नंतर ते ओल्या मऊ फडक्याने हलकेच टिपून काढावे. कोरडे घासल्यास नव्या रंगावर ओरखडे उमटतात. स्वस्तिक बॉनेटवर कोरडे न काढता ओल्या कुंकवाने बोटाने काढावे. नारळ गाडीवर न फोडता पुढे दगडावर फोडावा. झेंडूचा हार पुढच्या जाळीवर बांधला असेल तर लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी तो काढावा, अन्यथा रेडिएटरची हवा अडते. चाकाखाली लिंबू ठेवताना गाडी चालविणारी व्यक्ती सरावलेली असावी. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीतील एका शोरूमच्या पहिल्या मजल्यावर लिंबू चिरडताना ॲक्सिलरेटरवर पाय अधिक पडला आणि नवी कोरी गाडी काच फोडून खाली रस्त्यावर आली, हे वृत्त अनेकांच्या स्मरणात असेल.

पूर्वी कारखान्यांत आणि गॅरेजांत खंडेनवमीला पाने, हातोडी, जॅक पुसून, तेल लावून पाटावर मांडीत. मोटार असलेल्या घरीही हे सहज करता येईल. जॅक, चाकाचा पाना, टोईंगचा हूक डिकीतून बाहेर काढून पुसावेत, पूजेत ठेवावेत आणि घरातील तरुण मुलामुलींकडून एकदा चाक काढून-बसवून घ्यावे. स्टेपनीत हवा आहे का, तेही त्याच वेळी पाहता येईल. नव्या गाडीत ती आहे का, हे मात्र खरेदीपूर्वीच विचारावे. अलीकडच्या काही गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चर बुजविण्याचा संच दिला जातो आणि टायर कडेने फाटला तर तो उपयोगी पडत नाही.